तिने माफ केला, मी सोडला



गेल्या हिवाळ्यात मी एका कागदावर सही केली. आमचे बाबा इथल्या, म्हणजे जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते. पगारातून पै-पै साठवून त्यांनी घर बांधले. आधी ते गेले, मग आई गेली, आणि घर दोन्ही भावांच्या नावावर करायचे ठरले. ते कुणी ठरवले, हे मलाही नीट सांगता येणार नाही. मला एवढेच विचारले गेले, ‘‘ताई, गुरुवारी रजिस्ट्रार ऑफिसला येशील ना?’’ त्या कागदाला इकडे हक-त्याग म्हणतात, आपण मराठीत हक्कसोड म्हणतो. मी चांगली साडी नेसून गेले, फोटो काढला, सही केली. पाच मिनिटांचे काम. निघताना वहिनीने डबा भरून दिला.

दुसऱ्या दिवशी आपा आल्या. त्या आमच्या मागच्या गल्लीत राहतात. जबलपूरचे सलवार-सूट दूरदूरच्या बाजारांत जातात. त्यातले कितीतरी घरात बसून बायकाच शिवतात. आपा त्यांतल्याच एक. कापलेल्या कापडाचा गठ्ठा येतो, शिवून परत जातो, पैसे नगावर मिळतात. माझे ब्लाउज मात्र त्या हौसेने शिवतात. ब्लाउज द्यायला आल्या तेव्हा बोलता बोलता मी सहीचे सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाभी, हमने तो माफ़ कर दिया था. हमें कहाँ कुछ मालूम था. लेकिन आप तो पढ़ी-लिखी हैं. आपने क्यों छोड़ दिया?’’

मला उत्तर देता आले नाही. आजचा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

‘त्यांच्यात’ आणि ‘आपल्यात’

आमच्या भिशीत मुस्लिम बायकांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणते, ‘‘त्यांच्यात बायकांना काही हक्कच नसतात हो.’’ मीही मान डोलावत आले होते. आपांच्या प्रश्नानंतर मात्र मी थोडे वाचले, विचारले, आणि लक्षात आले की गोष्ट इतकी सरळ नाही.

इस्लामी कायद्यात मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा आहे, भावाच्या निम्मा. बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा आहे. मुले असतील तर एक अष्टमांश. लग्नात ठरलेला मेहर हा तिच्या एकटीचा पैसा असतो. हे सगळे सातव्या शतकापासून आहे. ज्या इंग्लंडचे आपण कौतुक करतो, तिथे लग्न झालेल्या बाईला आपली मिळकत स्वतःच्या नावावर ठेवण्याचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडे बापाच्या स्वकमाईत मुलीला मुलाइतका वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आला. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. सगळ्या देशातल्या लेकींना तो २००५ मध्ये मिळाला, आणि त्यावरचे उरलेसुरले वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवले.

निम्मा म्हणजे बरोबरीचा नव्हे, हे खरेच, आणि ते बोललेही पाहिजे. शिवाय १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे शेतात मुस्लिम लेकीला पुष्कळ ठिकाणी तो निम्माही नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. जे मिळायला हवे ते तरी हातात येते का? आपांना तीन भाऊ. वडील गेल्यावर घरातल्या मोठ्यांसमोर दोघी बहिणींना विचारले गेले आणि दोघींनी ‘माफ’ म्हटले. लग्नानंतर मेहरही असाच माफ केला होता. आपांचा वाटा माफ झाला, माझा सुटला. शब्द दोन, पण दोन्ही घरांतल्या बायकांची भीती एकच होती, ‘‘माहेर तुटेल.’’

एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे

हा आकडा मी अलीकडेच वाचला आणि तो डोक्यातून जात नाही.

आमच्या शहरात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे. १९५६ मध्ये राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आले. इथले पहिले मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. याच उच्च न्यायालयाने १ जुलै १९८० रोजी इंदूरच्या एका बाईची पोटगी ठरवली : महिना १७९ रुपये २० पैसे.

ती बाई म्हणजे शाहबानो. १९३२ मध्ये तिचे लग्न इंदूरचे वकील मोहम्मद अहमद खान यांच्याशी झाले. पाच मुले झाली. नवऱ्याने दुसरे लग्न केले, आणि १९७५ मध्ये, चाळीस वर्षांहून अधिक संसार झाल्यावर, तिला घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, तिने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना पाचशे रुपये मागितले. हे कलम जात-धर्म पाहत नाही. ज्याला ऐपत आहे त्याने आपल्या निराधार बायको-मुलांना, आईवडिलांना उपाशी ठेवू नये, एवढेच ते सांगते. नवऱ्याची वर्षाची कमाई साठ हजार असल्याचे तिने अर्जात लिहिले होते. त्यावर नवऱ्याने ६ नोव्हेंबर १९७८ रोजी तिला तलाक दिला आणि म्हटले, आता ती माझी बायको नाही, मेहर आणि इद्दतच्या तीन महिन्यांपुरता खर्च दिला की माझी जबाबदारी संपली. ऑगस्ट १९७९ मध्ये खालच्या कोर्टाने तिला महिना पंचवीस रुपये दिले. उच्च न्यायालयाने त्याचे १७९ रुपये २० पैसे केले.

तेवढ्या पैशांसाठीही वकीलसाहेब सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ एप्रिल १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांचे अपील फेटाळले. निकाल लिहिला होता सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, म्हणजे आपल्या मराठी माणसाने. नवऱ्याने बाईला दाव्याच्या खर्चाचे दहा हजार रुपयेही द्यावेत, असे त्यात होते.

पुढचे तुम्हाला माहीत असेल. देशभर मोर्चे निघाले, शरीयतमध्ये ढवळाढवळ केली म्हणून. समाजाकडून इतका दबाव आला की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाहबानोने स्वतःच जाहीर केले, हा निकाल शरीयतशी जुळत नाही, तो मला नको. सात वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवून, देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयात जिंकून, तिने तो हक्क आपल्याच मोहल्ल्यात परत केला. १९८६ मध्ये सरकारने नवा कायदा करून निकालावर पाणी फिरवले, आणि १९९२ मध्ये ती गेली.

आधी मला ही गोष्ट धर्माची वाटत असे. आता मला त्यात रजिस्ट्रार ऑफिसातली मी दिसते. आपले कोण आणि हक्क काय, यातले एक निवडायला सांगितले की बाई आपले लोक निवडते. तिला हे निवडायला लावणे हाच मुळात अन्याय आहे.

लढणाऱ्या त्यांच्यातल्याच होत्या

‘त्यांना कुणी बाहेरून सोडवायला पाहिजे’ असाही एक समज असतो. इतिहास तसे म्हणत नाही.

शाहबानोच्या बरीच वर्षे आधी, १८ एप्रिल १९६६ रोजी, मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा गेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान कायदा द्या, ही मागणी होती. मोर्चा काढला होता कोकणातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाई यांनी. सातच बायका होत्या. लोक हसले असतील. पण २२ मार्च १९७० रोजी त्याच दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि १९७७ मध्ये ते गेल्यावरही मंडळ थांबले नाही. त्यांचे सोबती सय्यदभाई या कामात पडले ते स्वतःच्या बहिणीला तलाक मिळाल्यामुळे. शाहबानोच्या निकालाच्याच वर्षी मंडळाने महाराष्ट्रात तलाक मुक्ती मोर्चा काढला.

दिल्लीत शाहबानोचे एक वकील होते, दानियाल लतिफी. १९८६ च्या कायद्याला त्यांनी आव्हान दिले. २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला नाही, पण त्याचा अर्थ असा लावला की बाजू उलटली : इद्दतच्या तीन महिन्यांत नवऱ्याने द्यायचे आहे, पण ते तीन महिन्यांपुरते नाही, तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची वाजवी तरतूद त्यात असली पाहिजे.

मग उत्तराखंडची शायरा बानो आली. तिला २०१५ मध्ये टपालाने तीन तलाकचे पत्र आले होते. ती कोर्टात गेली, आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरला. २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला. यावर मतभेद आहेत; नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा आपांचाही प्रश्न आहे. तो मला रास्त वाटतो. आणि १० जुलै २०२४ रोजी तेलंगणच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम बाईलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते. म्हणजे शाहबानोला १९८५ मध्ये मिळाले होते तिथेच आपण एकोणचाळीस वर्षांनी परत आलो.

बाहेरच्या मुस्लिम देशांकडे पाहिले तर ट्युनिशियाने १९५६ मध्येच बहुपत्नीत्व बंद केले आणि घटस्फोट फक्त कोर्टातूनच होईल असे ठरवले. पाकिस्तानात १९६१ पासून तलाक लेखी कळवावा लागतो आणि नव्वद दिवसांपर्यंत तो लागू होत नाही. त्या देशांत सगळे छान चालले आहे असे नाही, पण ‘त्यांचा धर्म बदलू देत नाही’ हे वाक्य तिथेच खोटे ठरते.

फार लांब कशाला, शेजारच्या भोपाळवर १८१९ ते १९२६ या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, चार बेगमांनी राज्य केले. त्यातली सिकंदर बेगम पडदा पाळत नसे. १८६१ मध्ये लॉर्ड कॅनिंगच्या दरबारासाठी ती आमच्या जबलपुरात आली होती आणि बेरसिया परगणा मिळवून गेली. तिची नात सुलतान जहाँ बेगम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली, १९२० मध्ये. मुलगी सत्तेवर बसू शकते हे या मातीत नवे नाही. फक्त तिच्या हातात काहीतरी असावे लागते.

आपांच्या अम्मीचे कार्ड

सामान्य घरातल्या बाईच्या हातात काय असते? आपांच्या अम्मीच्या हातात एक कार्ड होते.

जबलपूर हे बिडीचे जुने गाव. आसपासच्या जंगलातून तेंदूपत्ता येतो. पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची आणि सुताने बांधायची. हे काम वर्षानुवर्षे घराघरांत बायकाच करत आल्या, हिंदू आणि मुस्लिम दोन्ही. हजारावर मजुरी, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे काही नाही. अम्मीची बोटे तंबाखूने पिवळी झाली होती, असे आपा सांगतात. पण १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिडी वळणारी बाईही कामगारच ठरली, आणि १९७६ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण निधी झाला. ओळखपत्र असेल तर दवाखाना मिळतो, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. कैक घरांत बायको वळते आणि हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचे असते. अम्मीने हट्टाने कार्ड स्वतःच्या नावावर करून घेतले. त्यामुळे आपांच्या धाकट्या भावाला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो शिकला.

‘‘और घर भी उसी को मिला,’’ आपा हसून म्हणाल्या. त्या हसण्यात राग नव्हता. पण माझ्या घशात काहीतरी अडकले.

आपा स्वतः रोज सात-आठ तास मशीनवर बसतात. त्यांच्या नावावर ना कार्ड, ना पावती. हिशेब गठ्ठा आणणाऱ्याच्या वहीत, आणि पैसे परवापर्यंत मुलाच्या खात्यात जात होते.

आम्ही काय केले

आपांच्या मुलीचे लग्न या उन्हाळ्यात झाले. मुस्लिम लग्न हा करार असतो आणि करारात अटी घालता येतात, हे आम्ही दोघींनी मिळून समजून घेतले. निकाहनाम्यात काय लिहिले आहे ते सही आधी वाचून दाखवायला आपांनी सांगितले. मेहर ‘नंतर पाहू’ न म्हणता लग्नाच्या दिवशीच मुलीच्या खात्यात भरायला लावला. काही अडचण आली तर पत्नीलाही तलाक घेण्याचा अधिकार राहील, ही अट घालता येते असे त्यांना कळले तेव्हा त्यांनी तीही विचारली. मुलाकडचे थोडे कुरकुरले, पण कबूल झाले. निकाहनाम्याची एक प्रत आपांनी स्वतःच्या ट्रंकेत ठेवली आहे.

आणि आता शिलाईचे पैसे आपांच्या खात्यात येतात. मुलगा म्हणाला, ‘‘अम्मी, मुझ पर भरोसा नहीं?’’ आपा म्हणाल्या, ‘‘भरोसा है बेटा, इसीलिए तो माँग रही हूँ.’’

मी काय केले? गेल्या महिन्यात धाकट्या भावाला सगळे सांगितले. घर परत मागायला नाही, मनात होते ते सांगायला. तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘ताई, तू तेव्हा बोलली का नाहीस?’’ त्याचेही खरे. मी बोलले नाही आणि त्याने विचारले नाही. नोंदवलेला हक्कसोड ‘मला वाईट वाटले’ म्हणून मागे घेता येत नाही, हे वकिलांनी मला सांगितले आहे. म्हणून निदान तुम्हाला आधी सांगते.

घरात वाटणीचा विषय निघाला आणि बहिणीची सही हवी असली, तर कागद आठ दिवस आधी तिच्या घरी पाठवा. तिला वाचू द्या. वाटा नको असेल तर ती आपणहून तसे म्हणेल; पण हवा म्हणाली तर तिचे माहेरपण कमी होणार नाही, हे आधी बोला आणि मग पाळा. बहिणींनो, तुम्हीही लाजू नका. विचारणे म्हणजे भांडणे नव्हे.

पोटगीचा प्रश्न असेल तर जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. पूर्वी पाचशे रुपयांची जी कमाल मर्यादा होती ती २००१ मध्येच गेली. दावा चालू असताना अंतरिम पोटगीही मागता येते. मुस्लिम पत्नीला कोर्टातून घटस्फोट मागण्याची कारणे १९३९ च्या कायद्यात दिली आहेत. दोन वर्षे खर्च न देणे हे त्यातले एक. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००, आणि महिला हेल्पलाइन १८१.

२०२४ च्या त्या निकालात न्यायमूर्ती नागरत्ना यांनी नवऱ्यांना उद्देशून एक साधी गोष्ट लिहिली आहे : घर सांभाळणाऱ्या बायकोला पैसे हाताशी असू द्या, संयुक्त खाते असू द्या, एटीएम वापरू द्या. ती वाचून आमच्या ह्यांनी बँकेत जाऊन माझे नाव घातले. लग्नाला एकतीस वर्षे झाली. ‘‘आधीच सांगितले असतेस तर,’’ असे तेही म्हणाले.

सगळे असेच म्हणतात. म्हणून आज रात्री जेवताना तुमच्या घरात विचारा : घर कुणाच्या नावावर आहे, खाते कुणाचे, आणि लेकीला काय मिळणार आहे? उत्तर काय आले ते मला जरूर कळवा. आपांनाही वाचून दाखवीन.